लटक्या शिव्या, पक्की पालुपदं: कॉमिक स्ट्रिपमधल्या पात्राला बोलतं करताना

गिरमिटकाका हे माझ्या एका पट्टीतलं, म्हणजे कॉमिक स्ट्रिपमधलं पात्र. गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार, आणि काकांचा स्वभावही तसाच. हाताला लागेल ती वस्तू ते उघडतात, पण परत बंद करणं काही त्यांना जमत नाही. पहिल्या आठ-दहा पट्ट्यांत मी त्यांच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं: ‘खटॅक फटॅक, झालं चकाचक!’ यमक होतं, ठेका होता, मी स्वतःवर खूश. एका मैत्रिणीला कच्च्या पट्ट्या दाखवल्या तर ती म्हणाली, ‘‘हे काका बोलत नाहीयेत, तू बोलतोयस.’’ खरंच होतं. तेच वाक्य भांडी घासायच्या पावडरीच्या जाहिरातीत गेलं असतं तर काकांची कुणाला आठवणही आली नसती.

बऱ्याच खाडाखोडीनंतर त्या जागी एक साधं वाक्य आलं: ‘हे आधीच सैल होतं.’

पट्टी नव्याने काढायला घेतलेल्यांचं गाडं दोन ठिकाणी हमखास अडतं. एक म्हणजे पात्राचं पालुपद आणि दुसरी म्हणजे त्याची लटकी शिवी. लटका राग असतो ना, तशी लटकी शिवी. ऐकताना शिवीच वाटते, पण आत विष नसतं. या दोन्ही गोष्टी सुचण्याची वाट बघत बसू नका. त्या घडवाव्या लागतात, आणि घडवायची रीत शिकता येते.

पहिली पायरी: वाक्याआधी खोड

पात्र अडचणीत सापडलं की सगळ्यात आधी काय वाचवायला धावतं, हा प्रश्न स्वतःला विचारा. कुणी अब्रू वाचवतं, कुणी पैसे, कुणी दुपारची झोप. पालुपद त्या धावपळीतून यायला हवं. गिरमिटकाका आपल्या कारागिरीची अब्रू वाचवतात, म्हणून ‘हे आधीच सैल होतं.’

वाक्य सुचलं की त्याला तीन निरनिराळ्या प्रसंगांत उभं करून बघा. काकांच्या हातून नळ तुटला, तिथे ते चाललं. खुर्चीचा पाय निघाला, तिथेही चाललं. मग मुद्दाम दुरुस्तीच्या बाहेरचा प्रसंग घेतला: काकांच्या मध्यस्थीमुळे दोन मित्रांचं भांडण वाढलं. ‘हे आधीच सैल होतं’ इथे तर जास्तच चाललं! वाक्यात वस्तूचं नाव नाही, नुसतं ‘हे’ आहे, म्हणून त्यात जगातलं काहीही मावतं. ‘हा नळ आधीच सैल होता’ असं लिहिलं असतं तर ते नळापाशीच संपलं असतं.

दुसरी एक युक्ती म्हणजे साचा कायम ठेवून एकच जागा बदलती ठेवायची. १९५९ साली सुरू झालेल्या ॲस्टेरिक्स या फ्रेंच कॉमिकच्या कथांमधला ओबेलिक्स कपाळावर बोट आपटून ‘या रोमनांचं डोकं फिरलंय’ अशा अर्थाचं वाक्य टाकतो. पुढच्या कथांमध्ये रोमनांच्या जागी दुसरे लोक येतात, साचा तोच राहतो. गंमत अशी की जगाला वेडं ठरवणारा हा गडी स्वतः पाठीवर भलामोठा दगड घेऊन हिंडत असतो. पालुपद आणि ते बोलणारा यांच्यात असा थोडा विसंवाद ठेवा. शहाण्या माणसाच्या तोंडचं शहाणं वाक्य कुणी घरी घेऊन जात नाही.

पालुपद पात्रानेच बोललं पाहिजे असंही नाही. व्यंगचित्रकार प्राण यांचे चाचा चौधरी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आले. त्यांची बुद्धी संगणकापेक्षा वेगाने चालते, हे चाचा स्वतः सांगत फिरत नाहीत, निवेदक सांगतो. त्यांचा धिप्पाड साथीदार साबू चिडला की दूर कुठेतरी ज्वालामुखी फुटतो, हेही निवेदकाचंच काम. तुमचं पात्र अबोल असेल, किंवा स्वतःची तारीफ त्याच्या तोंडी शोभत नसेल, तर वाक्य चौकटीच्या वरच्या बाजूला निवेदनाच्या जागी टाका.

दुसरी पायरी: खर्च जपून

मनासारखं वाक्य सापडलं की नवखा माणूस ते रोज वापरतो. मीही वापरलं. तीन आठवड्यांत वाचकाची नजर तो संवादाचा फुगा न वाचताच पुढे जायला लागते. माझा हिशेब आता असा आहे: चार पट्ट्यांत एकदा. चार-पाच वेळा सरळ वापरून वाचकाला सवय लावायची आणि मग सवय मोडायची. ती कशी मोडायची ते जवळून दाखवतो.

सरळ वापर असा होता. पहिली चौकट: नळ टपटपतोय, काका म्हणतात, ‘‘साधा वॉशर आहे.’’ दुसरी: नळ काकांच्या हातात, पाण्याची धार छताला. तिसरी: काका गुडघाभर पाण्यात, चेहरा शांत, ‘‘हे आधीच सैल होतं.’’ चौथीत नुसती पुतणी सुमी, कागदाची होडी घेऊन.

पुढे दोन महिन्यांनी: सुमीचा दुधाचा दात हलतोय. काका पक्कड घेऊन पुढे सरसावतात. पक्कड पोचायच्या आधीच दात आपला आपण गळून सुमीच्या तळहातावर. शेवटच्या चौकटीत सुमी खुशीत: ‘‘काका, हे आधीच सैल होतं!’’ काकांचा चेहरा बघण्यासारखा. ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा खरं ठरलंय, आणि म्हणायचा मान दुसऱ्याला गेलाय.

मोडायचे बाकीचे मार्ग यातूनच निघतात. वाक्य अर्ध्यावर तोडणं, भलत्या माणसाच्या तोंडी देणं, किंवा पात्राने तोंड उघडावं आणि फुगा रिकामा ठेवावा. रिकामा फुगा फार प्रभावी असतो, पण पालुपद वाचकाला पाठ झालेलं असेल तरच. आधी वापरलात तर छपाईची चूक वाटते.

तिसरी पायरी: लटकी शिवी, आणि मराठीचा आयता साचा

इथे जरा रेंगाळतो, कारण मराठीत या कामासाठी जे सामान पडलंय ते बहुतेकांना दिसतच नाही.

आपली भाषा शिव्यांची धार बोथट करण्यात मुळातच पटाईत आहे. ‘शिंच्या’ हा शब्द ‘शिंदळीच्या’चं आक्रसलेलं रूप, मूळ अर्थ भलताच जहाल, पण आजोबा नातवाला ‘कुठं उलथला होतास शिंच्या’ म्हणायचे तेव्हा तो कुणाच्या डोक्यातही नसायचा. ‘...च्या आईला’चं ‘च्यायला’ झालं आणि पुढे ते नुसतं आश्चर्य दाखवायला लागलं. ‘आईच्या...’ अशी सुरुवात ऐकून समोरचा दचकतो, आणि बोलणारा ‘...गावात!’ म्हणून सुटतो. ‘तुझ्या नानाची टांग’मध्ये तर घराण्याचा उद्धार करायचा सगळा थाट आहे, आणि शेवटी हाती येते ती नानाची टांग. ‘लेकाचा’ घ्या. शब्दशः त्यात काय आहे? काहीच नाही. तरी ‘काय लेकाचा निघून गेला!’ यात राग, कौतुक, चडफड सगळं मावतं.

यातून कामाची गोष्ट ही निघते की शिवी अर्थात कमी आणि व्याकरणात जास्त असते. चाल ठेवा, अर्थ काढून टाका, तरी ती शिवीच ऐकू येते. मला मराठीत असे चार साचे सापडले आहेत.

पहिला ‘च्या’चा. षष्ठीचं रूप संबोधन म्हणून फेकलं की कान टवकारतात: ‘गाढवाच्या!’ आता गाढव काढा आणि पात्राच्या धंद्यातली वस्तू घाला. ‘अरे गंजक्या बिजागरीच्या!’ ‘अरे आटे गेलेल्या स्क्रूच्या!’ वस्तू धड असून भागत नाही, ती बिघडलेली हवी. ‘बिजागरीच्या’ पांचट आहे. ‘गंजक्या’ जोडल्यावर दात येतात.

दुसरा समासाचा. दगड आणि डोकं मिळून ‘दगडडोक्या’, तसं कुलूप आणि तोंड मिळून ‘कुलूपतोंड्या’. काकांची याच साच्यातली आवडती शिवी ‘कानसजिभ्या’. कानस म्हणजे धातू घासायची खरखरीत पट्टी. जीभ तशी असलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. चित्रकाराला हा साचा फार सोयीचा, कारण शिवीचंच चित्र काढता येतं.

तिसरा ‘कट’चा. मळकट, कळकट, हलकट, पोरकट या सगळ्या शब्दांची शेपटी ‘ट’वर आपटते, आणि त्या आपटण्यातच तिरस्कार आहे. काकांचं ‘ढिलकट’ असंच आलं. कुठल्याही कोशात हा शब्द मिळेल असं वाटत नाही, पण आतापर्यंत एकाही वाचकाने अर्थ विचारलेला नाही.

चौथा शापाचा. ‘तुझं वाटोळं होवो’, ‘तळपट होवो’ यांतला ‘ओ’ घ्या आणि नुकसान चिमुकलं करा. ‘तुझं घर जळो’ लटकं नाही, तिथे हसू येत नाही. ‘तुझ्या मोज्याला नेमकं अंगठ्यापाशी भोक पडो!’ हे लटकं. नुकसान जितकं क्षुल्लक आणि नेमकं, तितका शाप गमतीचा. ‘तुझा पंखा फक्त हिवाळ्यात चालो’ मला बरा वाटतो. ‘तुझ्या चाव्या हरवोत’ फार मोघम आहे, कुठल्या खिशातून हरवल्या तेही कळत नाही.

हे साचे झाले. शब्द कुठून आणायचे? पात्राच्या कामातून. माझ्याकडे सुताराच्या हत्यारांची यादी भिंतीला चिकटवलेली आहे: रंधा, पटाशी, करवत, कानस, पक्कड, पाना, चूक. यात ‘चूक’ बघून तुम्ही थबकला असाल. बारीक खिळ्याला चूकच म्हणतात, आणि एका संध्याकाळी या शब्दाने मला आख्खी पट्टी फुकट दिली. कपाट कोसळलंय, सगळे काकांकडे बघतायत आणि काका म्हणतात, ‘‘माझी चूक नाही, चूक आखूड होती!’’ धंद्याची शब्दयादी केल्याशिवाय असली घबाडं हाती लागत नाहीत.

दुसरी खाण म्हणजे जड पारिभाषिक शब्दांची. हर्जे या बेल्जियन चित्रकाराचा कॅप्टन हॅडॉक हा यातला उस्ताद. हर्जेच्या ‘टिनटिन’ या कॉमिकच्या १९४०–४१मध्ये क्रमशः छापून आलेल्या कथेत तो पहिल्यांदा दिसतो. वाचक मुलं, त्यामुळे दर्यावर्दी माणसाच्या खऱ्या शिव्या छापणं शक्यच नव्हतं. हर्जेची एक आठवण प्रसिद्ध आहे: १९३३ साली युरोपातल्या चार सत्तांचा करार झाला, त्या सुमारास बाजारात एक विक्रेता दुसऱ्याला शिवी म्हणून त्या कराराचंच नाव हासडताना त्याने ऐकलं. अर्थाशी काही संबंध नसताना ती शिवी झाली होती. पुढे हॅडॉकच्या तोंडी ओटोमन सैनिकांचं नाव आलं, प्रेतात्म्याच्या वाफेचा शब्द आला, अलंकारशास्त्रातली संज्ञासुद्धा आली.

मराठीत ही खाण शाळेच्या दप्तरातच आहे. ‘अरे उभयान्वयी अव्यया!’ मोठ्याने म्हणून बघा. ‘समद्विभुज त्रिकोणा!’ ‘अपूर्णांका!’ यांतलं ‘अपूर्णांका’ सर्वांत सरस, कारण अर्थ लागतो की नाही अशा उंबरठ्यावर ते उभं आहे. पण या शिव्या काकांना शोभत नाहीत. त्या मी त्यांच्या शेजारीण प्रधानबाईंना दिल्या. बाई निवृत्त व्याकरणशिक्षिका. काका शिवी देताना हातोडा उगारतात, बाई चष्मा पुसतात. एकाच पट्टीतल्या दोन पात्रांच्या शिव्या एकाच पेटीतून काढू नका.

चौथी पायरी: अरे की अहो

मराठीत शिवी देण्याआधी नातं ठरवावं लागतं. काका सुमीला कधीच शिवी देत नाहीत, फार तर ‘अगं ढिलकटे’ इतकंच. स्क्रूला मात्र ते मनसोक्त ‘अरे’ म्हणतात. प्रधानबाई काकांना ‘अहो’च म्हणणार, त्यामुळे त्यांची शिवीही आदरार्थी बहुवचनात येते: ‘‘अहो अपूर्णांक! जिना उलटा बसवलात तुम्ही!’’ ही ‘अहो’तली शिवी मराठीची खासियत आहे, मान राखून केलेला अपमान दुप्पट लागतो. आणि बाई ज्या दिवशी पहिल्यांदा ‘अरे’वर येतील, त्या दिवशी नुसत्या त्या एका अक्षरबदलाने पट्टी होईल. मी ती अजून राखून ठेवली आहे.

पाचवी पायरी: कानाने तपासणी

फुग्यात घालण्याआधी शिवी तीनदा मोठ्याने म्हणा, खोलीत कुणी नसताना. सुरुवातीला किंवा शेवटाला ट, ड, ठ, ढ, ख, फ असला आघाती वर्ण असला की ती बसते. ‘ललनलोल्या’ म्हणून कुणी कुणाला घाबरवू शकत नाही. (पात्र मुळातच भित्रं असेल तर मात्र हीच त्याची शिवी!) जोर कुठल्या अक्षरावर पडतो ते बघा, तो पहिल्या दोन अक्षरांत पडला नाही तर तोंड उघडायच्या आतच राग निवतो. लांब समास लिहायला मजा येते, पण श्वास एकच असतो.

सहावी पायरी: फुगा, अक्षर आणि चिन्हं

कधीकधी शब्दच नको असतो. भोवरे, तारे, वीज, कवटी, गुंतवळ अशी चिन्हं काढून शिवी झाकायची पद्धत अमेरिकी पट्ट्यांमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. मॉर्ट वॉकर या व्यंगचित्रकाराने १९८० सालच्या आपल्या पुस्तकात या चिन्हांना थट्टेने नावंही दिली. त्यातलं ‘ग्रॉलिक्स’ आज सगळ्या प्रकारालाच वापरलं जातं. संगणकाच्या कळफलकावरची ठरावीक चिन्हं ओळीने टाकू नका, ती आळशी दिसतात. हाताने काढा, आणि पात्राच्या जगातली काढा: काकांच्या फुग्यात वाकडा खिळा, तुटका पाना, उसळलेली स्प्रिंग.

देवनागरीत आणखी एक सोय आहे. उच्चारताच येणार नाही असं जोडाक्षर रचायचं, चार-पाच व्यंजनं एकमेकांच्या पोटात शिरलेली, वर रफार, खाली ऱ्हस्व उकार. वाचक ते वाचायला जातो आणि त्याचीच जीभ अडकते. हे मात्र हाताने लिहा. बऱ्याच फाँटमध्ये अशी जोडाक्षरं फुटतात आणि पाय मोडलेली अक्षरं रांगेत उभी राहतात. रागाच्या फुग्यात शिरोरेषा सलग ओढू नका, प्रत्येक अक्षरावर तोडून तिरकी मारा. आणि ओळींमध्ये अंतर सोडा: वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसल्या तर विनोद वाचलाच जात नाही. फुग्यात बारा शब्दांवर गेलो की मी थांबतो आणि चित्र पुन्हा बघतो. बहुतेकदा चार शब्द चित्रात आधीच असतात.

अर्धवट तोडलेली शिवी हाही चांगला मार्ग. ‘‘तुझ्या आ—’’ आणि शिडी घसरते. उरलेलं वाचक पूर्ण करतो, आणि पुढच्या चौकटीत काका ढिगाऱ्याखालून म्हणतात, ‘‘—यताकृती पेटीला कडी नाही!’’

सातवी पायरी: छापण्याआधी

माझी एक फजिती सांगतो. दोन अक्षरांचा एक गोंडस शब्द मी रचला, महिनाभर त्यावर पट्ट्या काढल्या. अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी मुद्रितं तपासणारे गृहस्थ लाल होऊन आले. त्यांच्याकडच्या बोलीत त्या शब्दाचा अर्थ शरीराच्या अशा भागाशी होता की तो इथेही छापता येणार नाही. सगळे फुगे रात्रीत बदलावे लागले.

तेव्हापासून नवा शब्द आधी कोशात शोधतो. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, आणि दाते–कर्वे यांचा १९३२ ते १९३८ दरम्यान निघालेला महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही आता संगणकावर शोधता येतात आणि त्यांत बोलींतले शब्द पुष्कळ आहेत. जाता जाता विसरलेले शब्दही सापडतात, तो वरकमाईचा भाग. कोशाखेरीज दोन-तीन वेगवेगळ्या भागांतल्या माणसांना विचारा, त्यात एक तरी म्हातारं माणूस हवंच.

काय वगळायचं याचा माझा नियम कडक आहे. जात, कुणाचं अपंगत्व, रंग, आणि कुणाच्याही घरातल्या बायका यांवर चालणारी शिवी कितीही विरलेली असो, घेत नाही. जुन्या मराठीतल्या कित्येक ‘सौम्य’ शिव्या नीट उलगडल्या की आत कुठल्यातरी जातीचं किंवा विधवेचं नाव निघतं. ‘शिंच्या’ मला ऐकायला आवडतो, पण माझ्या पट्टीत तो नाही. काकांना स्क्रू पुरतात.

शेवटची परीक्षा नेहमी त्याच मैत्रिणीकडे. नव्या दहा पट्ट्यांवरची चित्रं कागदाने झाकतो, फक्त फुगे उघडे ठेवतो, आणि कोण बोलतंय ते तिने ओळखायचं. गेल्या वेळी तिने प्रधानबाईंचे सगळे फुगे अचूक सांगितले, सुमीचेही. काकांचे दोन फुगे मात्र तिने माझ्या नावावर टाकले. ते दोन मी खोडले.